न ऐकणारं लाकूड

चर्चमध्ये शिडी लावून एक म्हातारा सुतार लाकडी ख्रिस्ताची डागडुजी करतोय. मूर्ती त्यानेच कोरलेली आहे, वर्षांपूर्वी. खाली उभा असलेला, त्यानेच घडवलेला लाकडी पोरगा मान वर करून बघतो आणि विचारतो, हाही लाकडाचाच ना? मग लोक ह्याच्यासमोर गाणी म्हणतात आणि मला बघून किंचाळतात, असं का? हा आवडतो, मग मी का नाही?

म्हातारा काहीतरी गुळमुळीत उत्तर देतो. माणसं अनोळखी गोष्टींना घाबरतात वगैरे. त्या प्रश्नाला धड उत्तर नाहीच. पण लहान मुलांसाठी म्हणून लावलेल्या सिनेमात असा प्रश्न इतक्या सरळपणे येतो, तेव्हा शेजारी बसलेल्या मोठ्यांची चुळबुळ सुरू होते. आमच्याकडे तरी झाली.

हा सिनेमा म्हणजे गिलेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्टाफसन यांचा 'पिनोकिओ'. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि पुढच्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेला. डिस्नेचा १९४० चा पिनोकिओ आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतो: पिवळी टोपी, निळी परी, खोटं बोललं की लांब होणारं नाक, आणि शेवटी शहाण्यासारखं वागल्याचं बक्षीस म्हणून खऱ्या मुलाचं शरीर. देल तोरोचा पोरगा टोपी घालत नाही. त्याला कपडेच नाहीत. पाठीतून खिळे बाहेर आलेत, केस एकाच बाजूला कोरलेत, कानही एकच. कारण त्याला घडवणारा बाप, सुतार जेपेत्तो, त्या रात्री दारू पिऊन तर्र होता आणि काम अर्धवट टाकून झोपला.

'मुलांची गोष्ट इतकी काळी कशाला करायची?' असं म्हणणाऱ्यांनी मूळ गोष्ट वाचलेली नसते. कार्लो कोल्लोदी ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्लोरेन्सच्या कार्लो लोरेन्झिनीने १८८१ मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकात ही कथा क्रमशः लिहायला घेतली. तिच्यातला पिनोकिओ उपदेश करणाऱ्या रातकिड्याला हातोडा फेकून मारतो. शेगडीवर पाय ठेवून झोपतो आणि उठतो तेव्हा पाय जळून गेलेले असतात. आणि पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी कोल्हा आणि मांजर त्याला ओकच्या झाडाला फाशी देतात. संपली गोष्ट. लेखकाच्या मनात तोच शेवट होता. पण बालवाचकांना तो मानवला नाही, मागणी आली, म्हणून काही महिन्यांनी कोल्लोदीने पोराला झाडावरून खाली उतरवलं आणि कथा पुढे नेली. १८८३ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे पिनोकिओ पहिल्यांदा मेला तो त्याच्या जनकाच्याच हातून, आणि त्याला परत आणलं ते मुलांनी. मुलांना काय झेपतं ह्याबद्दल वाद घालताना मला हे नेहमी आठवतं.

कोल्लोदीची कथा फाशी देते आणि बोधही पाजते. न ऐकणाऱ्या मुलाचं काय होतं? त्याचं गाढव होतं. ऐकलंस तर माणूस होशील. देल तोरोने नेमकं इथे सुरी फिरवली. त्याने गोष्ट उचलली आणि मुसोलिनीच्या इटलीत नेऊन ठेवली. १९३० च्या दशकातलं डोंगराळ गाव, भिंतींवर घोषणा, काळे शर्ट, हात वर करून सलाम. त्या राजवटीचं एक आवडतं घोषवाक्य होतं: विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा. मुलांसाठी १९२६ पासून 'बालिला' नावाची संघटना होती, आठ वर्षांच्या पोरांनाही गणवेश चढवून कवायत शिकवणारी. अशा देशात आज्ञाधारक मूल म्हणजे काय? सैन्यासाठी वाढवलेला माल. मूळ कथेत उनाड पोरं खेळण्यांच्या देशात जाऊन गाढवं होतात. सिनेमात त्या जागी लष्करी प्रशिक्षणाची छावणी आहे, आणि तिथे पोहोचतात ती शिस्तीची पोरं. गावचा पोदेस्ता, म्हणजे फॅसिस्टांनी नेमलेला गावप्रमुख, पिनोकिओकडे बघून हरखतो. मरत नाही असा सैनिक! ह्याहून चांगलं मूल देशाला कुठून मिळणार?

आपल्याकडे मुलाचं कौतुक करायची एक ठरलेली रीत आहे. पाहुण्यांसमोर आई म्हणते, "ऐकतो हो अगदी, शब्दाबाहेर नाही." समोरच्या काकू म्हणतात, "गुणी आहे बाई." ह्या सर्टिफिकेटासाठी आम्ही सगळी भावंडं झटलो. कुणी प्रश्न विचारलाच तर 'उलट बोलतो' असा शेरा. ह्यात कुणी दुष्ट नव्हतं. चार माणसांच्या घरात चाळीस कामं असताना मुलाने ऐकावं असं वाटणं साहजिकच आहे. पण सिनेमात पोदेस्ता आपल्या मुलाला, कँडलविकला, ज्या सुरात बोलतो तो सूर ऐकला आणि मला सोफ्यावर जरा अवघडल्यासारखं झालं. त्याला पोरगा हवा आहे तो स्वतःची शान म्हणून. छावणीत तो मुलाच्या हातात पिस्तूल देतो, पिनोकिओवर गोळी झाड म्हणतो. पोरगा थरथरत म्हणतो, 'नाही'. सिनेमात खऱ्या अर्थाने मोठा होतो तो तोच, आणि त्याच क्षणी.

आता ह्या सगळ्याचा कारागिरीशी संबंध काय? माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे.

स्टॉप-मोशन म्हणजे बाहुली जागेवर ठेवायची, फोटो काढायचा, तिचा हात केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. एका सेकंदाला चोवीस चौकटी. दिवसभर राबून एका माणसाच्या हाती काही सेकंद लागले तरी बरं म्हणायचं. ह्या सिनेमाचं चित्रीकरण हजाराहून जास्त दिवस चाललं. मुख्य काम अमेरिकेत पोर्टलंडला. बाहुल्या बऱ्याचशा इंग्लंडात मँचेस्टरजवळ मॅकिनन अँड सॉन्डर्स ह्यांच्या कार्यशाळेत बनल्या. थोडा भाग देल तोरोच्या जन्मगावी, मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात झाला. हे तंत्र आपल्याला परकं नाही, हेही जाता जाता सांगून टाकते. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावून, रोज थोडं थोडं टिपत, 'अंकुराची वाढ' केलं होतं. आणि १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज', ज्यात काड्यापेटीतल्या काड्याच नट होत्या. एक-एक चौकट सरकवायचा तोच तो चिवटपणा.

देल तोरोच्या बाहुल्यांची डोकी उघडून बघायला मिळाली की मजा कळते. जेपेत्तो, पोदेस्ता, फिरत्या खेळाचा मालक व्होल्पे ह्या माणसांच्या चेहऱ्यावर सिलिकोनची मऊ कातडी आहे आणि कवटीच्या आत घड्याळासारखी बारीक दातेरी चक्रं. ॲनिमेटर कानाच्या भोकातून किंवा केसांखालून बारकी किल्ली घालतो, पाव फेरा देतो, आणि भुवई उचलली जाते. आणखी पाव फेरा, ओठाचा कोपरा खाली. म्हातारा रडतो तो असा, किल्लीने. लाकडी पोराचं तसं नाही. त्याचा चेहरा कडकच हवा, लाकडाला सुरकुत्या कशा पडणार? म्हणून त्याच्यासाठी वेगवेगळ्या हावभावांचे थ्रीडी प्रिंट केलेले चेहरे केले आणि हसू हवं असेल तेव्हा एक काढून दुसरा बसवला. त्याचे हातपाय काटकुळे. आत नेहमीसारखा सांगाडा बसवायला जागा नाही. मग सांगाडा आणि शरीर एकच, धातूत प्रिंट करून वर लाकडाचा रंग. लाकडाचा म्हणून मिरवणारं पोर आतून धातूचं आहे!

म्हणजे बघा: ह्या सिनेमात जी माणसं आहेत त्यांच्या डोक्यात चक्रं आहेत आणि ती कुणीतरी बाहेरून फिरवतं. जो बाहुला आहे त्याच्या डोक्यात तसलं काही नाही. दिग्दर्शकांनी हे ठरवून केलं की कामाच्या सोयीतून आपसूक झालं, मला पर्वा नाही. पडद्यावर ते दिसतं. अख्खं गाव एकाच वेळी उजवा हात वर करतं आणि दोरी नसलेला एकटा पोरगा विचारतो, कशाला?

दुसरी गोष्ट हालचालींची. ॲनिमेशनमध्ये एरवी पात्रं कामापुरतं हलतात. ग्लास उचलायचा तर सरळ हात जातो, ग्लास उचलला जातो. प्रत्येक जादा हालचाल म्हणजे कुणाची तरी जादा दुपार, त्यामुळे काटकसर अंगवळणी पडलेली असते. देल तोरोने ॲनिमेटरांना उलटं सांगितलं. चुका करा. पात्राचा हात आधी चुकीच्या जागी जाऊ दे. बसताना अडखळू दे. बोलायला तोंड उघडून गप्प बसू दे. खाजवू दे. तुम्ही जेपेत्तोला बघा, तो खुर्चीतून उठतो तेव्हा आधी गुडघ्यावर हात टेकतो, थांबतो, मग उठतो. आमच्या वडिलांची पिढी अशीच उठते. ती एक थांबण्याची चौकट, मग तशाच आणखी चार-पाच, कुणीतरी श्वास रोखून टिपल्यात. गोष्ट पुढे न्यायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. बाहुलीनेही शब्दाबाहेर जावं, अशी ही मोकळीक.

सावंतवाडीकडून कुडाळला जाताना पिंगुळी लागतं. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची कला जपली आहे. परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्या बघताना दोऱ्या दिसत असतात आणि थोड्या वेळाने दिसेनाशा होतात. हलवणारा माणूस तिथेच, त्याच क्षणी हजर असतो, त्याचा आवाज येतो. स्टॉप-मोशनमध्ये हलवणारा प्रत्येक चौकटीच्या आधी येऊन गेलेला असतो आणि चौकटीत कधीच नसतो. मला पूर्वी वाटायचं की ही फक्त तंत्राची तफावत. ह्या सिनेमानंतर वाटतं की मृत्यूबद्दल बोलायला हे दुसरं माध्यम जरा जास्त लायक आहे. निर्जीव वस्तू तुमच्यासमोर जिवंत होते आणि तिला जीव देणारा गायब असतो.

मृत्यू इथे आहे, भरपूर आहे. सुरुवातच जेपेत्तोच्या मुलाच्या, दहा वर्षांच्या कार्लोच्या मरणाने होते. पहिल्या महायुद्धात, चर्चवर पडलेल्या बाँबने. आणि ते गाव कुणाचं लक्ष्यही नव्हतं. परतणारी विमानं वजन हलकं करायला उरलेले बाँब टाकून देत होती. इतका फालतू मृत्यू. आठ-दहा मिनिटांत आपण त्या पोराच्या प्रेमात पडलेले असतो. पुढे पिनोकिओ मरतो. गाडीखाली येऊन, मग गोळी लागून, मग समुद्री सुरुंगाने. दर वेळी तो एका निळसर अंधाऱ्या जागी जातो, जिथे काळे ससे शवपेट्या वाहतात आणि फावल्या वेळात पत्ते कुटतात. तिथे स्वतः मृत्यू बसलेली असते: अर्धी जनावर, अर्धी देवता, शेपटी वळवळणारी. पोराला जीव देणारी वनदेवी तिची बहीण, आणि दोघींना आवाज एकीचाच, टिल्डा स्विंटनचा. ती नियम सांगते. तू खरा मुलगा नाहीस, म्हणून तुला खरं मरण नाही. वाळूचं घड्याळ रिकामं झालं की परत जायचं. पण दर खेपेला वाळू वाढत जाईल.

मला इथे नचिकेता आठवला नसता तरच नवल. वडील रागाच्या भरात म्हणून जातात, 'तुला मृत्यूला दिलं', आणि हा निघतो. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो, मग यमाशी बोलतो ते बरोबरीने. जेपेत्तोही असाच रागाच्या भरात बोलून जातो. तू कार्लोसारखा का नाहीस? नुसतं ओझं झालायस माझ्यावर. आपल्या घरांतली 'डोक्याला ताप झालायस' ही रोजची ओवी ह्याच जातीची. म्हणणारा विसरून जातो. पोरगा मात्र शब्द उचलतो आणि रातोरात व्होल्पेच्या खेळाबरोबर निघून जातो, बापाला पैसे पाठवीन म्हणून. नचिकेता तिसऱ्या वरात मरणाचं रहस्य मागतो. पिनोकिओला तसली काही ज्ञानलालसा नाही. त्याचा बाप वर समुद्रात बुडतोय आणि त्याला आत्ताच्या आत्ता परत जायचंय. मृत्यू सांगते, नियम मोडलास तर अमरपण जाईल. तो घड्याळ फोडतो. आयुष्यभर जे करत आला तेच इथेही करतो, ऐकत नाही.

कार्लो आणि पिनोकिओ ह्या दोघांना आवाज ग्रेगरी मान ह्या एकाच मुलाने दिलाय. जेपेत्तोला मेलेल्या मुलाचा आवाज रोज ऐकू येतो, भलत्याच तोंडातून. मुलगा गमावलेल्या माणसाची ह्याहून क्रूर थट्टा मी तरी पाहिलेली नाही. त्याची सुधारणा हळूहळू, कुरकुरत होते. अखेरीस तो पोराला म्हणतो की मी तुला जे नाहीस ते बनवायला निघालो होतो. कार्लो होऊ नकोस, कुणीच होऊ नकोस. आणि पिनोकिओ लाकडाचाच राहतो. मांसाचं शरीर बक्षीस म्हणून मिळत नाही. ह्या एका निर्णयासाठी मी सिनेमाच्या बाकी सगळ्या चुका माफ करायला तयार आहे.

चुका आहेत. गाणी बेतास बात आहेत. 'चाव पापा' सोडलं तर एकही दुसऱ्या दिवशी ओठांवर नव्हतं. अलेक्सांद्र देस्प्लानं पार्श्वसंगीतासाठी लाकडी वाद्यांवर भर दिला, पितळी वाद्यं टाळली, ही कल्पना छान आणि तिचा परिणामही छान, पण गाण्यांना ती वाचवू शकत नाही. मुसोलिनीसमोरचा प्रयोग म्हणजे शी-सूचा विनोद. बुटका, फुगलेला हुकूमशहा आणि त्याच्या तोंडावर असलं गाणं. मुलं खिदळतात, पण त्या दृश्यात आणखी काही तरी हवं होतं. मधला व्होल्पेचा भाग लांबतो. रातकिड्याला दर पंधरा मिनिटांनी चिरडायचा विनोदही तिसऱ्यांदा शिळा होतो.

मी तो माझ्या भाचीबरोबर पाहिला. ताईला नंतर कळलं आणि फोन आला. "अगं, असलं काय दाखवतेस तिला? रात्री उठली ती." मी म्हटलं, रडत उठली का? तर नाही, पाणी प्यायला उठली आणि आईला विचारलं, आजोबा गेले तेव्हा तू कुठे होतीस. ताई म्हणाली, "मी काय सांगणार तिला रात्री दोन वाजता?" सांगितलं मात्र तिने. बराच वेळ सांगत बसली म्हणे, हॉस्पिटल, रिक्षा, मिळालेली-न मिळालेली सुट्टी, सगळं. नंतर पुन्हा मला रागावली ते वेगळ्या कारणासाठी: दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात झोप येत होती.

मुलांना मरण कळत नाही हा मोठ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी करून घेतलेला समज आहे, असं मला वाटतं. भाचीला सिनेमात भीती वाटली ती छावणीची, माणसांची. सशांची अजिबात नाही. ते काय खेळत होते, रमी की मेंढीकोट, ह्यावर तिने मला भंडावून सोडलं. तरीही सरसकट सगळ्यांनी दाखवाच असं मी म्हणणार नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सुरुवातीचा बाँब जड जाईल. आणि एकट्याने मोबाईलवर तर नकोच. हा सोबतीने, अधूनमधून थांबवत बघायचा सिनेमा आहे.

शेवटची काही मिनिटं भराभर जातात. सगळे घरी परततात, चार दिवस सुखाचे, आणि मग एकेक जण जातो. जेपेत्तो जातो. रातकिडा खिडकीत जातो; पिनोकिओ त्याला काडेपेटीत घालून छातीतल्या पोकळीत ठेवतो. व्होल्पेच्या खेळातलं माकड, स्पात्सातूरा, जातं. उरलेला पोरगा झोळी घेऊन चालायला लागतो. इथे मी डोळे पुसत होते आणि शेजारून तक्रार आली. माकडाला मरायला एवढी कमी वेळ का दिली? ते सगळा सिनेमाभर मार खातं, स्वतःच्या तोंडाने चीची करण्यापलीकडे एक शब्द बोलत नाही. हातात बाहुल्या घेतल्या तरच त्यांच्या तोंडून बोलतं. मग शेवटी त्याला स्वतःचं बोलू द्यायला हवं होतं, एक वाक्य तरी. मी म्हटलं, अगं, बोललं असतं तर गंमत गेली असती. "गंमत तुझी गेली असती," ती म्हणाली, "त्याची नाही." आणि रिमोट घेऊन तिने माकडाचे सगळे सीन पुन्हा शोधायला घेतले.